मिनिटाला अठ्ठावीस

हिवराळे मामांचा रेकॉर्ड प्लेयर सध्या माझ्या घरी कपाटावर आहे, जुन्या चादरीत गुंडाळलेला. मामा गेल्यावर त्यांच्या मुलानं, संजयनं, मुकुंदवाडीचं घर आवरलं आणि पुण्याला परत जाताना तो माझ्याकडे आणून ठेवला. "काका, तुमच्याकडंच असू द्या. तुम्हीच दुरुस्त केलता ना," म्हणाला. बिचारा चांगल्या मनानं बोलला. मला मात्र ते वाक्य जिव्हारी लागलं, कारण तो प्लेयर दुरुस्त करणं हीच माझ्या हातून मामांच्या बाबतीत झालेली मोठी चूक आहे.

वाळूजला गिअरबॉक्सच्या एका कारखान्यात मी मोजमापाची हत्यारं तपासतो. वजनकाटा, मायक्रोमीटर, प्रेशर गेज, जे जे म्हणून आकडा दाखवतं ते खरं बोलतंय का हे बघायचं, आणि खोटं बोलत असेल तर त्याला वळणावर आणायचं. वीस वर्षं हेच केल्यावर माणसाला एक खोड लागते. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी समोरच्या भिंतीवरचं घड्याळ किती मागं आहे हे मी आधी बघतो. बायको म्हणते, तुम्हाला चुकीचं काही सहनच होत नाही. तिला ते कौतुकानं म्हणायचं नसतं.

मामा आमच्याकडे टर्नर होते, आणि पुढे तयार गिअरबॉक्स तपासायला बसले. अजिंठ्याचे. उंच, हाडकुळे, शर्टाचं वरचं बटण नेहमी लावलेलं. तपासायची त्यांची रीत एकच होती. फूटभर लांब पोलादी सळई घ्यायची, एक टोक फिरत्या गिअरबॉक्सला आणि दुसरं कानामागच्या हाडाला टेकवायचं, मान किंचित डावीकडे झुकवायची आणि डोळे मिटायचे. कारखान्यात आवाज मोजायचं महागडं यंत्र होतं आणि ते बरोबर चालतंय याची सही मी करायचो. ते यंत्र ज्याला पास म्हणायचं त्यातलं एखादं मामा बाजूला काढून ठेवायचे. एकदा सुपरवायझर चिडला. आकडा बरोबर आहे, मग अडवता कशाला, म्हणाला. मामा म्हणाले, "आकडा बरुबरच हाय सायेब. पर आतला एक दात कन्हतोय." उघडून बघितलं तर एका दातावर केसाएवढी चीर होती. तेव्हापासून मी त्यांच्या मागे लागलो. आकड्याच्या पलीकडचं ऐकणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

अशा माणसाच्या घरी अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातल्या गाण्यांच्या एकतीस रेकॉर्ड असतील, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. त्या आल्या मिलर साहेबाकडून. कारखान्यात गिअरचे दात कापायचं मोठं अमेरिकन मशीन आलं, तेव्हा ते उभं करायला हा मिलर आला आणि चांगला आठ महिने राहिला. मशीनच्या खोक्यांबरोबर त्यानं आपला प्लेयर आणि आजोबांच्या रेकॉर्डही आणल्या होत्या. आजोबा कोळशाच्या खाणीत होते म्हणे. त्याच्या हाताखाली मामा होते. दुपारच्या सुट्टीत मिलर प्लेयर लावायचा आणि दोघं डबा खात ऐकत बसायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे भांडण कधी झालं नाही, असं मामा सांगत. जाताना साहेबानं सगळं मामांना देऊन टाकलं. सुयांची डबीसुद्धा दिली.

ही सगळी मला रविवारच्या बैठकीत कळलेली हकिगत. बैठक म्हणजे मामा, मी आणि स्वयंपाकघराच्या दारात सूप घेऊन बसलेल्या कमलमामी. सकाळी दहाला सुरू. चहा आधी व्हायचा, मध्ये नाही. मामा मामींच्या जुन्या नऊवारीचा मऊ तुकडा घेऊन रेकॉर्ड आतून बाहेर पुसायचे. रविवारी एकच बाजू लावायची, कितीही आवडली तरी दुसरी नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी मध्येच काहीतरी विचारलं. मामांनी सुई उचलली, माझं बोलणं संपेपर्यंत हातात धरून ठेवली आणि मग पुन्हा पहिल्यापासून लावली. रागावले नाहीत. त्यानंतर मी कधी मध्ये बोललो नाही.

इंग्रजी नावं त्यांना वाचता यायची, पण त्यांनी आपली नावं ठेवली होती. एका कव्हरवर हॅट घातलेले तीन भाऊ लाकडी घरापुढे उभे होते, ते 'टोपीवाले'. मांडीवर तारांची पेटी घेतलेली म्हातारी होती, ती 'आजी'. एकसारखे झगे घातलेल्या दोघी होत्या, त्या 'दोघी बहिणी'. गाण्यांचा अर्थ साहेबानं खाणाखुणांनी सांगितलेला, तो मामांनी कव्हरमागे पेन्सिलीनं एकेका शब्दात लिहून ठेवला होता. माय. खाण. रेल्वे. तुरुंग. घर. मला पुढे पुढे वाटायला लागलं की त्या गाण्यांबद्दल याहून जास्त लिहायचं कारणही नाही.

मला आधी ते सगळं एकाच चालीचं वाटलं. मामांनी मला ऐकायला शिकवलं, तेही कारखान्यातल्या रीतीनं. आज फक्त खालचा ऐक, म्हणायचे. म्हणजे तो माणसाएवढा उभा बाजा, जो नुसता ठोके देतो. पुढच्या रविवारी फिडल, म्हणजे त्यांचं व्हायोलिन. त्याच्या पुढच्या रविवारी बँजो. आपल्याकडे वरातीत वाजतो तो बँजो नव्हे, हा कातड्याचा गोल आणि लांब मानेचा. "हलगीला तारा लावल्यागत," मामा म्हणायचे. असे पाच रविवार गेले आणि सहाव्या रविवारी ते म्हणाले, "आता समदे मिळून ऐक." त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की पाच माणसं एकाच वेळी वाजवताहेत आणि कुणीही कुणाच्या अंगावर जात नाही.

"एकच माईक असतो त्यांच्यात," मामांनी सांगितलं. "साहेबानं दाखवलं व्हतं मला. ज्याची पाळी त्यानं पुढं यायचं, वाजवायचं, झालं की मागं सरायचं. कुणाला सांगावं लागत नाय. आमचा बाप गायन पार्टीत व्हता. बाबासाहेबांची गाणी म्हणायचा गावोगाव. पेटी, ढोलकी आन् उघडा गळा. ह्यांचा बी गळा उघडाच हाय बघ. नटवत नायत. दुःख हाय तर हाय म्हणत्यात."

मामांनी ते संगीत दुसऱ्यांना ऐकवायचा प्रयत्न एकदाच केला. निवृत्तीच्या दिवशी कँटीनमध्ये निरोप समारंभ होता. शाल, श्रीफळ झालं आणि भाषण करा म्हटल्यावर मामांनी कोपऱ्यातला प्लेयर टेबलावर आणला. मी गाणं लावतो, म्हणाले. 'आजी'मधलं 'माय' लावलं. अर्धं मिनिट सगळे गप्प होते. मग कुणीतरी हसलं, कुणीतरी हे काय मामा म्हणालं, आणि तेवढ्यात गुलाबजाम आले. ताटं वाजायला लागली. मामांनी शांतपणे सुई उचलली आणि रेकॉर्ड पुसून कव्हरात घातली. जाताना बसमध्ये मी चिडून बोलत होतो. ते म्हणाले, "असू दे रं प्रकाश. दमून आलते लोकं. भूक लागली असंल." पण त्यानंतर तो प्लेयर घराबाहेर कधी गेला नाही.

कमलमामींना या गाण्यांचं काही पडलेलं नव्हतं. तुमच्या गोऱ्यांचं रडगाणं, म्हणायच्या. पण 'दोघी बहिणी'मधलं 'घर' लागलं की त्यांच्या सुपातला हात मंद व्हायचा. दुसरं कडवं संपलं की त्या दोघी थांबतात आणि फिडल एकटीच हळूच पुढे जाते, तिथे मामी गुणगुणायच्या. शब्द नाही, नुसता नाकातला सूर. तो त्या दोघींच्या सुराला इतका लागून असायचा की तिसरी बहीण गातेय असं वाटावं. आपण गुणगुणतो हे त्यांना माहीत होतं की नाही, मला ठाऊक नाही. मामांना माहीत होतं. ती जागा आली की ते मान झुकवायचे, सळई कानाला लावल्यावर झुकवायचे तशी.

मामी वर्षभर आजारी होत्या आणि मग गेल्या. महिन्याभरानं मामांनी मला निरोप धाडला, रविवारी ये म्हणून. सूप स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. मामांनी 'दोघी बहिणी' लावली. ती जागा आली आणि मी खरंच सांगतो, मला मामींचा सूर ऐकू आला. इतकी वर्षं त्या जागी तो ऐकलेला होता की कान तो आपोआप भरून काढत होता. मामांनी डोळे उघडले आणि विचारलं, "आली ना?" मी हो म्हटलं. त्यानंतर दोन वर्षं बहुतेक रविवारी तीच बाजू लागायची. एवढ्यासाठीच ते आठवडा काढत होते, हे मला दिसत होतं. दिसत असूनही मी जे केलं ते केलं.

झालं असं की एका सकाळी कामाच्या बसमध्ये मी मोबाईलवर 'दोघी बहिणी'च्या कव्हरवरचं नाव टाकून बघितलं. तेच कव्हर आलं, तेच गाणं आलं. लावलं आणि चमकलो. गाणं पळत होतं. आवाज कोवळ्या पोरींचे होते, पातळ आणि वरच्या पट्टीतले, आणि त्यात एक खट्याळपणाही होता. आधी वाटलं, दुसऱ्या कुणी गायलेलं असेल. मग फिडलची ती जागा आली, हुबेहूब तीच, फक्त भरभर. तिथे माझी खोड जागी झाली. दोन दिवस मला दुसरं काही सुचेना.

रविवारी मी थोडा आधीच गेलो. प्लेयरच्या थाळीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा ठिपका लावला, आम्ही कारखान्यात लावतो तसा, आणि घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला तेहतीस आणि वर एक तृतीयांश हवेत. भरले अठ्ठावीसला किंचित कमी. कारण शोधायला वेळ लागला नाही. अमेरिकेतल्या विजेचे सेकंदाला साठ ठोके, आपल्याकडे पन्नास. साहेबानं व्होल्टेज उतरवायचा ट्रान्सफॉर्मर दिला होता, पण ठोके ट्रान्सफॉर्मरनं बदलत नाहीत. त्या ठोक्यांच्या तालावरच फिरणारी मोटर मिनिटाला जेवढी फिरायला हवी त्याहून कमी फिरत होती, आणि पंचवीस वर्षं सगळी गाणी खालच्या पट्टीत, ओझं घेतल्यासारखी चालत होती.

मामा चहा घेऊन आले. मी मोबाईलवर ते गाणं लावलं.

"ह्या कोण?" मामांनी विचारलं.

"त्याच, मामा. दोघी बहिणी."

"नाय. ह्या तरण्या पोरी हायत."

"त्या तरण्याच होत्या मामा. आपलं मशीन हळू फिरतंय."

मी त्यांना समजावून सांगितलं. उत्साहानं सांगितलं, याची मला आज लाज वाटते. मामांनी प्लेयर एका बाजूला कलता केला आणि खालची पितळी पट्टी बघितली. साठचा आकडा तिच्यावर स्पष्ट कोरलेला होता. "दर आयतवारी पुसतो मी ही पट्टी," ते म्हणाले. बराच वेळ तिच्यावर अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "म्हणूनच."

"काय म्हणूनच?"

"कारखान्यात त्या अमेरिकन मशीनला साठ ठोक्यांची येगळी लाइट व्हती, साहेब तिच्यावरच लावायचा हे. तवा गाणं चालायचं कसं, टुणटुणीत. घरी आणून लावलं तर दमल्यागत वाटलं. मला वाटलं, साहेब गेला म्हणून तसं वाटतंय."

कान चुकला नव्हता त्यांचा. त्यांनी फरक पहिल्याच दिवशी पकडला होता आणि दोष आपल्याच मनाला दिला होता. मशीन साहेबाचं, म्हणजे त्यात खोट नसणार, असं धरून चालणारा टर्नरच असं करू जाणे.

नवी कप्पी त्यांनी स्वतःच केली. थाळीशेजारची, मोटरच्या दांड्यावरची कप्पी मोठी केली की थाळी जोरात फिरते. चिकलठाण्याला त्यांच्या एका जुन्या सोबत्याचं लेथ होतं, तिथे आम्ही शनिवारी दुपारी गेलो. किती वर्षांनी ते मशीनवर उभे राहिले होते. पितळेची कांडी लावली, चष्मा पुसला आणि तासाभरात कप्पी उतरवली. मी मायक्रोमीटर लावला. शतांश मिलिमीटरचाही फरक नव्हता. मी त्यांची पाठ थोपटली. ते हसले नाहीत, पण मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

रविवारी कप्पी बसवली, फेरे मोजले. तेहतीस आणि वर एक तृतीयांश. मीच म्हटलं, 'दोघी बहिणी' लावा. सुई टेकली आणि त्या दोन पोरी त्या खोलीत हसत शिरल्या. गाणं सुंदरच होतं. मामा मान झुकवून बसले होते. दुसरं कडवं आलं, त्या थांबल्या, फिडल पुढे सरकली. मामांनी डोळे उघडले आणि दाराकडे बघितलं, भिंतीला टेकलेल्या सुपाकडे. तोवर ती जागा निघूनही गेली होती. मीही कान देऊन होतो. तिथे कुणी नव्हतं. मामींचा सूर त्या पट्टीपर्यंत चढलाच नसता, आणि गाणं त्यांच्यासाठी थांबतही नव्हतं.

"लवकर संपलं," मामा म्हणाले.

मला तेव्हा कळलं. इतक्या उशिरा कळलं. मी म्हटलं, "मामा, जुनी कप्पी परत बसवू या का? दहा मिनिटांचं काम आहे."

"बसवता यील," ते म्हणाले. "पर आता ठाव झालंय ना. आता हळू लावलं तर हळू लावल्यागतच ऐकू यील." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझी चूक नाय रं. खरं गाणं हेच हाय. चांगलं हाय. मी आपलं दुसरंच ऐकत बसलो इतकी वर्सं." जुनी कप्पी त्यांनी सुयांच्या डबीत टाकली आणि डबी बंद केली.

त्यानंतर बैठक मोडली. भांडण नाही, अबोला नाही. फोन केला की कधी पाहुणे यायचे असायचे, कधी कान दुखत असायचा. मी समजलो. मला बोलावलं की त्यांना ती कप्पी आठवत असणार. मीही मग फोन करणं कमी केलं, आणि त्यानं मला तेव्हा थोडं हायसंही वाटलं, हेही कबूल करतो.

चार-पाच महिन्यांनी एका रविवारी न सांगता गेलो. मुंबईहून एक नवी सुई मागवली होती, ती द्यायचं निमित्त होतं. अकराचा सुमार होता. गल्लीत पोचलो तेव्हाच गाणं ऐकू आलं, आणि ते जुन्या चालीनं चाललं होतं. खालच्या पट्टीत, ओझं घेऊन. मला एकदम हलकं वाटलं. बसवली एकदाची जुनी कप्पी, म्हटलं. दार उघडंच होतं, पडदा अर्धा सरकलेला. मी हाक मारणार होतो.

मामा प्लेयरपुढे पाटावर बसले होते. डोळे मिटलेले, मान डावीकडे झुकलेली. उजव्या हाताचं एक बोट फिरत्या थाळीच्या कडेला टेकवलेलं होतं. कप्पी नवीच होती. तिचं पितळ मला दारातून दिसत होतं. मोटर जोरात ओढत होती आणि ते बोटानं तिला मागं धरून होते, पोलादाची जाडी नुसत्या स्पर्शानं सांगणाऱ्या त्या बोटानं. गाणं सुरुवातीला जरासं हेलकावलं असेल, मी ऐकलं तेव्हा ते अगदी स्थिर होतं. मी लावलेला पांढरा ठिपका त्यांनी पुसला नव्हता. दर फेऱ्याला तो त्यांच्या बोटाखालून जात होता. दुसरं कडवं संपलं, त्या दोघी थांबल्या, फिडल एकटी पुढे निघाली. मामांचे ओठ मिटलेले होते. ते वाट बघत होते.

मला आत जाता आलं नाही. सुईचं पाकीट मी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. जायला वळलो, पण माझा हात माझ्याही नकळत मनगटावरच्या घड्याळाकडे गेला होता आणि मी ठिपका मोजत होतो. एक मिनिटभर उभा राहून मोजला. अठ्ठावीसला किंचित कमी.